दर दोन तासांनी

आमच्या बिल्डिंगमध्ये त्यांना सगळे 'सिस्टर' म्हणत. दूधवाला, इस्त्रीवाला, सोसायटीचे सेक्रेटरी, पहिल्या मजल्यावरच्या नव्वदीच्या आजीसुद्धा. त्या आईच्या मैत्रीण, म्हणून मी तेवढा मावशी म्हणायचो. नौपाड्यात घंटाळीच्या बाजूला आमची ती जुनी तीन मजली इमारत होती. लिफ्ट नाही, दोन माणसं समोरासमोर आली की एकाने थांबायचं असा जिना. दारांवरच्या पाट्यांवर आडनावं बहुतेक कोकणातली, आणि तिसऱ्या मजल्यावर एक पाटी नगरकडची.

मावशींचं माहेर नगर जिल्ह्यातलं, घराणं तीन पिढ्यांचं ख्रिस्ती. नर्सिंग शिकल्या मिरजेला, मिशन हॉस्पिटलमध्ये. डॉ. विल्यम वॉन्लेस नावाच्या कॅनडातून आलेल्या डॉक्टरांनी १८९४ मध्ये उभं केलेलं ते इस्पितळ. मिरज म्हटलं की आपल्याला तंबोरे आठवतात. मावशींना आठवायच्या चादरीच्या घड्या. पलंगाच्या कोपऱ्याशी चादर कशी दुमडायची यावरून तिथल्या मेट्रनने त्यांना रडवलं होतं म्हणे. पुढे मुंबईत सरकारी नोकरी झाली, यजमान लवकर गेले, आणि निवृत्तीनंतर ठाण्यातलं हे दोन खोल्यांचं घर. रविवारी मराठी उपासनेसाठी लोकलने भायखळ्याला जायच्या. तळावपाळीला इतकं जुनं चर्च असताना एवढ्या लांब कशाला, असं आई विचारायची. "ते रोमन. आमचं वेगळं," एवढंच उत्तर. आईला त्यातलं काही कळायचं नाही, आणि समजावत बसायला मावशींना वेळ नसायचा.

बाबा नास्तिक. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध त्यांना जवळजवळ पाठ होते, आणि घरात सत्यनारायण घालायचा म्हटलं तर आईला त्यांच्याशी तह करावा लागे. त्यामुळे जिन्यात मावशी भेटल्या की बाबांना चेव यायचा. त्यांचा एक संवाद मी इतक्यांदा ऐकलाय की आजही दोघांचे आवाज वेगवेगळे ऐकू येतात.

"सिस्टर, मेलेला माणूस उठत नाही हो."

"म्हणून तर बातमी झाली ना भाऊ. रोज उठत असते, तर लिहून कोणी ठेवलं असतं?"

बाबा हसायचे आणि पिशवी घेऊन खाली उतरायचे. हरल्याचं कबूल करण्याची त्यांची ती पद्धत होती.

२००५ साली उत्तम शुक्रवार आणि होळी एकाच दिवशी आली, २५ मार्चला. कालनिर्णय समोर धरून बाबांनी मावशींना विचारलं, तुमचा ईस्टर दरवर्षी असा सरकतो का? मावशींनी सांगितलं की वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेनंतर जो रविवार येईल तो ईस्टर. बाबा खूश. "म्हणजे तुमचंही तिथीवरच चाललंय की!" दुसऱ्या दिवशी खाली गल्लीत पोरं रंग उडवत होती आणि वर मावशी गच्चीत चादरी वाळत घालत होत्या. शुक्रवारी त्या दुपारभर चर्चमध्ये बसायच्या, क्रूसावरच्या सात उद्गारांवरची प्रवचनं ऐकायच्या, रडूनही घ्यायच्या. शनिवारी घर काढायच्या. त्या मधल्या दिवसाला त्यांच्याकडे काही विधी नव्हता. येशू कबरीत आहे, शिष्य दार लावून बसलेत, काहीच घडत नाही. "मग काय करायचं? धुणं," असं म्हणायच्या.

त्याच वर्षी मे महिन्यात बाबांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. इस्पितळाने काही दिवसांनी घरी न्यायला सांगितलं. नाकातून नळी, लघवीची पिशवी आणि एक औषधांची यादी, एवढं हातात देऊन. कसं वळवायचं, काय पाहायचं, हे कोणी सांगितलं नाही. आम्ही माणूस घरी आणला आणि त्याच्याकडे बघत उभे राहिलो. मावशी वरून उतरल्या. चपला बाहेर काढल्या, हात कोपरापर्यंत धुतले, बाबांच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "भाऊ, मी सिस्टर. तुम्हाला आता डाव्या कुशीवर घेते." जो माणूस उत्तर देऊ शकत नाही त्याला आधी सांगायचं आणि मग हात लावायचा, हा पहिला धडा.

दुसरा धडा तक्त्याचा. माझ्या जुन्या हिशेबाच्या वहीत त्यांनी पट्टीने रकाने आखले: वेळ, कूस, लघवी, त्वचा, सही. दर दोन तासांनी कूस बदलायची. डावी, पाठ, उजवी. एक चादर चौघडी करून कमरेखाली सरकवलेली असायची. तिची दोन टोकं दोघांनी धरली की माणूस न घासता सरकतो. ओढलं तर कातडी सोलते. माकडहाड, खुबे, टाचा, घोटे, कानाची पाळीसुद्धा बघायची. कुठे लाल दिसलं तर त्यावर बोट दाबून उचलायचं. जागा पांढरी पडून पुन्हा लाल झाली तर रक्त फिरतंय. तशीच लाल राहिली तर आत जखम सुरू झाली, मग त्या अंगावर निजवायचंच नाही. आणि त्या लाल जागेवर मालिश बिलकूल नाही. आईच्या हातातली तेलाची वाटी त्यांनी काढून घेतली होती.

रात्री घरी जाण्याआधी त्या दुसऱ्या दिवसाच्या सगळ्या वेळा पहिल्या रकान्यात लिहून ठेवायच्या. सहा, आठ, दहा, बारा. बाकीचे रकाने रिकामे. एकदा बाबांच्या छातीत कफ फार झाला, डॉक्टर येऊन गेले, मला बाहेर घेऊन म्हणाले की नातेवाइकांना कळवून ठेवा, सकाळ निघेल असं वाटत नाही. मी आत येऊन ते कुजबुजत सांगितलं. मावशींनी ऐकून घेतलं. मग चष्मा लावला, वही ओढली आणि पट्टी धरून उद्याच्या वेळा लिहायला घेतल्या. पार रात्री दहापर्यंतच्या. मला राग आला होता, हे काय चाललंय म्हणून. सकाळी सहाच्या पुढे त्यांनी लिहिलं: डावी. ठीक.

ऋण म्हणतो ते हे. वडिलांची सेवा त्यांनी केली, ती तर केलीच. पैशाचं नाव काढलं तेव्हा आईशी चार दिवस बोलल्या नाहीत. पण आशा नावाची गोष्ट तोवर मी मनात शोधत होतो, आणि मनात ती नव्हतीच. मावशींच्या मनात ती सदासर्वकाळ होती असंही मी म्हणणार नाही. त्यांचे डोळे सुजलेले मी पाहिलेत. त्यांची आशा वहीत होती. भरायच्या आधी आखलेली.

२६ जुलैला मी फोर्टात ऑफिसमध्ये अडकलो. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हा आकडा आपल्याकडे आता सगळ्यांना पाठ आहे. गाड्या बंद, फोन बंद. वंदना टॉकीजच्या बाजूला पाणी भरतं ते साध्या पावसातही. त्या रात्री काय झालं असेल याचा विचार करत मी टेबलावर डोकं ठेवून पडलो होतो. घरी भाड्याने आणलेली हवेची गादी होती, विजेच्या पंपावर चालणारी. वीज गेली असेल तर गादी बसली असेल, बाबा फळीवर टेकले असतील, आणि आई एकटी. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, रुळांवरून चालत, ट्रकमधून, पुन्हा चालत, असा घरी पोहोचलो. आई जमिनीवर झोपली होती, मावशी खुर्चीत. मी आधी वही उघडली.

दहा: पाठ. बारा: उजवी. दोन: डावी, खुब्यावर लाल, दाबल्यावर पांढरं, ठीक. चार: पाठ, टाचांखाली उशी. सहा: उजवी. दोनच्या ओळीवर मेणाचा एक थेंब पडून वाळला होता. अक्षर कुठेही वाकडं नव्हतं.

नळीतून भरवून झालं की अर्धा तास बाबांना उशांना टेकवून बसवायचं असे, नाहीतर अन्न श्वासनलिकेत जातं. तो अर्धा तास मावशी वाचून दाखवायच्या. मला आधी धाकधूक वाटली की बायबल काढतील. त्यांनी काढलं 'स्मृतिचित्रे', तेही बाबांच्याच कपाटातलं. नास्तिकाच्या आणि ख्रिस्ती सिस्टरच्या घरी हे एकच पुस्तक सारखं निघालं. लक्ष्मीबाई टिळक नगरच्या मुलखात राहिलेल्या, म्हणजे मावशींच्या हक्काच्या; आणि बाबांना त्या आवडायच्या कारण त्यांनी कुणालाच, स्वतःलाही, सोडलं नाही. लक्ष्मीबाईंच्या वडिलांचं सोवळं इतकं कडक की बाजारातून आलेलं मीठ आणि साखरसुद्धा धुऊन घ्यायची, तो भाग आला तेव्हा बाबा हसले. अर्ध्या तोंडाने, डाव्या बाजूने, पण हसले. मावशींनी तो भाग त्यानंतर कितीदा वाचला असेल कोण जाणे. त्वचेच्या रकान्यात एकदा चक्क 'हसले' अशी नोंद आहे.

धर्माचं त्या काढायच्याच नाहीत असं नव्हे. मी विचारलं की सांगायच्या, हात काम करत असताना. पुनरुत्थानाची गोष्ट मी ऐकली ती बाबांचे पाय पुसता पुसता, आणि नर्सच्या नजरेने. शुक्रवारी संध्याकाळी येशूचा देह खाली काढला, शब्बाथ सुरू होत होता, काम बंद करायची वेळ झालेली, म्हणून घाईघाईत कबरीत ठेवला. शनिवारी कुणाला काही करता येईना. रविवारी उजाडता उजाडता काही बायका सुगंधी द्रव्यं घेऊन निघाल्या, देहाचं राहिलेलं काम पुरं करायला. वाटेत बोलत होत्या की तोंडावरची धोंड कोण सरकवणार. "बघ, धोंड सरकवायला माणूस नाही, तरी निघाल्या. सामान घेऊन निघाल्या. पुरुषमाणसं सगळी घरात. ज्या कामाला गेल्या त्यांनाच पहिल्यांदा कळलं." मग योहानाच्या शुभवर्तमानातली एक बारीक गोष्ट त्यांना फार प्रिय. कबरीत तागाची वस्त्रं पडलेली होती, पण डोक्याचा रुमाल मात्र वेगळा, नीट गुंडाळून एका बाजूला ठेवलेला. "मरण जिंकून उठला, आणि जाताना रुमाल गुंडाळून ठेवला," असं म्हणताना मिरजेच्या त्या मेट्रनला उत्तर मिळाल्यासारखा त्यांचा चेहरा व्हायचा. पुढे सरोवराच्या काठावर निखाऱ्यांवर मासे भाजून त्याने शिष्यांना न्याहारीला बोलावलं, हेही त्यांना पटलेलं. रात्रभर जागलेल्या माणसांना आधी खायला घालायचं, बोलायचं नंतर.

आणि जखमा? मी विचारलं होतं. उठलेल्या देहावर खिळ्यांच्या खुणा तशाच होत्या, थोमाने बोट घालून बघायचं म्हटलं, ते कशाला? नवा देह द्यायचाच होता तर खुणा पुसायच्या होत्या. यावर मावशी थांबल्या. "मला वाटतं, ओळख पटायला नको का? तुझ्या बाबांचा हा हात बघून तुझी आई त्यांना ओळखेल." मग म्हणाल्या, "पाद्रीसाहेबांना विचार, मी नर्स आहे."

बाबा गेले डिसेंबरमध्ये, पहाटे. अंगावर एकही जखम नसताना. डॉक्टर दाखला लिहून गेले, माणसं जमायला लागली, आणि मावशींनी सगळ्यांना बाहेर काढून मला आत ठेवलं. पाणी कोमट करायला लावलं. कानाशी वाकून म्हणाल्या, "भाऊ, आता आंघोळ घालते." मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. त्यांनी नळी काढली, नाकावरची चिकटपट्टीची खूण स्पिरिटने पुसली, डोळे मिटवले, हनुवटीखाली रुमाल बांधला, नखं कापली, भांग पाडला. बाबा भांग डावीकडून पाडायचे हेही त्यांना ठाऊक होतं. एवढं कशाला, आता तर जाळायचंच, असं काहीतरी मी बोललो असेन.

"उठायचंय ना त्यांना. केस विस्कटलेले बरे दिसतील?"

"मावशी, जवाहरबागेत नेणार. राख होणार."

"मातीतून काढणाऱ्याला राखेतून काढायला काय अवघड आहे?" आणि मग, बाबांकडे बघत, जिन्यातल्या आवाजात: "त्यांना पटणार नाही. न पटू दे."

वहीत त्या दिवसाच्या वेळा आदल्या रात्री लिहिलेल्या होत्या. सहाच्या पुढे त्यांनी लिहिलं: स्नान. केस. नखं. खाली सही केली. उरलेल्या वेळा त्यांनी खोडल्या नाहीत.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. बाबांची कसली इच्छा राहिली म्हणून काका, आत्या एकेक वचन देत होते, आणि सगळ्यांत जास्त जीव वरखाली झाला होता तो मावशींचा. मागे उभ्या राहून त्या दर पाच मिनिटांनी "शिवला का रे?" विचारत होत्या. शेवटी शिवला तेव्हा त्यांनीच आधी सुस्कारा सोडला. तेराव्याला पंगतीत बसून जेवल्या. श्रद्धेच्या सरहद्दी कुठे असतात हे अभ्यासकांना माहीत असेल. आमच्या बिल्डिंगीत त्या कधी नीट आखल्या गेल्या नाहीत.

पुढच्या वर्षांत आमची इमारत पुनर्विकासात गेली, आम्ही भाड्याच्या घरांत फिरलो आणि टॉवर झाल्यावर परत आलो. मावशींचा फ्लॅट आता आमच्याच मजल्यावर. २०२० चा ईस्टर १२ एप्रिलला होता, आणि चर्चं बंद. त्याच आठवड्यात बुधवारी हनुमान जयंती घराघरांत दारं लावून झाली होती. रविवारी पहाटे मावशी गच्चीवर गेल्या, मागोमाग आई काठी टेकत, आणि दोघींवर लक्ष ठेवायला मी. एरवी ही पहाटेची उपासना मंडळी जमून करतात, पुष्कळ ठिकाणी कबरस्तानातच. मावशींकडे 'उपासना संगीत'ची पुठ्ठा गेलेली प्रत होती, त्यातली नारायण वामन टिळकांची दोन पदं त्यांनी म्हटली. आईला चाल माहीत नव्हती. ती टाळ्या देत होती. खाली रस्त्यावर पोलिसांची गाडी तेवढी फिरत होती.

पुढच्या वर्षी दुसऱ्या लाटेत, एप्रिलच्या अखेरीला, मावशी गेल्या. खाटेसाठी किती फोन केले ते सांगण्यात अर्थ नाही, त्या महिन्यात ठाण्यात प्रत्येकाने तेच केलं. आत कुणाला सोडत नव्हते. सांगण्यात आलं की देह पिशवीत बंद केलाय, उघडता येणार नाही. नगरची भाची फोनवर रडत होती. सबंध आयुष्य दुसऱ्यांचे देह धुण्यात गेलं त्या बाईला शेवटची आंघोळ नाही, भांग नाही. कानाशी वाकून कोणी काही सांगितलं की नाही, ते मला कधी कळणार नाही. पाळकांना मी फोनवर बरंच काही बोललो. ते ऐकून घेत होते. म्हणाले, "त्या दिवशीही आंघोळ राहिलीच होती." तेवढंच. त्यांना त्या दिवशी आणखी दफनं होती.

ते काय म्हणाले ते कळायला मला दोन दिवस लागले. शुक्रवारची संध्याकाळ, नियम, बंद झालेलं काम, हातात सामान घेऊन खोळंबलेल्या बायका. मावशींनीच सांगितलेलं होतं सगळं.

नंतर ठाण्याचा जुना इतिहास चाळताना एक गोष्ट वाचली. एप्रिल १३२१ मध्ये इथे ठाण्यात चार ख्रिस्ती परदेशी धर्मवादातून मारले गेले: तोलेन्तिनोचा थॉमस, पाद्वाचा जेम्स, सिएनाचा पीटर हे फ्रान्सिस्कन साधू आणि जॉर्जियाचा दिमित्री. थोड्याच काळाने ओडोरिक नावाचा त्यांच्याच पंथाचा साधू इथे आला, त्याने त्यांच्या अस्थी गोळा केल्या, आणि त्या बरोबर घेऊन समुद्रमार्गे पार चीनच्या झैतून बंदरापर्यंत गेला, आपल्या मठातल्या लोकांच्या हवाली करायला. वादळं, जहाजं बदलणं, महिनोन् महिने. हाडांचं गाठोडं कशाला वागवायचं एवढ्या लांब, असा प्रश्न मला पडला नाही. मावशींनी तो कधीच सोडवून टाकला होता. ज्याला उठायचं आहे त्याचं काही वाटेत टाकून कसं चालेल?

माझा यावर विश्वास बसला का, असं लोक विचारतात. विशेषतः आमच्या नात्यातले, जरा आवाज खाली करून. यरुशलेमेत त्या पहाटे काय झालं ते मला ठाऊक नाही आणि बाबांचा मुलगा असल्याने पटकन मान्य करणंही जमणार नाही. पण ते झालं असं मानणाऱ्या बाईने ते न मानणाऱ्या माणसाचा देह कसा हाताळला, हे मी सात महिने शेजारी उभं राहून पाहिलंय. त्याचं काय करायचं ते माझं मला अजून ठरवता आलेलं नाही.

गेल्या पावसाळ्यात आई बाथरूममध्ये पडली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, पण ती काही पुन्हा उभी राहिली नाही. ब्यूरोकडून एक बाई येते दिवसपाळीला, कळव्याहून. चांगली आहे, फक्त मोबाईल जास्त बघते. पहिल्या दिवशी तिने आईला बगलेत धरून ओढलं, तेव्हा मी तिला थांबवलं. चादर चौघडी करून दाखवली, टोकं धरायला लावली, आईला आधी सांगायला लावलं. खुब्याजवळ लाल होतं त्यावर बोट दाबून उचलून दाखवलं. मग वही काढली, पट्टीने रकाने आखले, आणि रात्री दहापर्यंतच्या वेळा लिहून तिच्या हातात दिल्या. ती बराच वेळ वहीकडे, मग माझ्याकडे बघत राहिली.

"साहेब, तुम्ही बँकेत होता ना? हे कुठं शिकला?"

"मिरजेला," मी म्हटलं.

आई पलंगावरून हसली. मिरज मी गाडीतूनच काय ती पाहिलीय, कोल्हापूरला जाताना.